थकलेल्या शैक्षणिक कर्जाचे पहिले नव्वद दिवस

शैक्षणिक कर्ज इतर सर्व वैयक्तिक कर्जांपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळे असते. घरासाठी वा वाहनासाठी कर्ज मागणाऱ्याचे उत्पन्न बँक आधी तपासते आणि त्याला झेपेल एवढाच हप्ता ठरवते. शैक्षणिक कर्ज मात्र ज्या उत्पन्नातून फेडायचे ते उत्पन्न कर्ज मंजूर होताना अस्तित्वातच नसते, आणि ते केव्हा सुरू होईल व किती असेल हे विद्यार्थ्याला, पालकाला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला, कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे अशा कर्जाचे काही हप्ते थकणे ही प्रथमतः कर्जदाराच्या नीतिमत्तेतील उणीव नसून या व्यवहाराच्या रचनेत आधीपासूनच असलेली एक शक्यता आहे, आणि तिच्यासाठी नियमांत काही वाटा करून ठेवलेल्या आहेत. त्या वाटा कर्जदारांना माहीत नसतात, आणि माहीत होतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, हे या प्रश्नाचे खरे दुखणे आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या कर्जाची पार्श्वभूमी १९८३ पर्यंत मागे नेता येते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना त्या वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि उच्च शिक्षणाची दारे अनेकांसाठी उघडली, परंतु त्या शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीकडून कुटुंबाच्या खिशाकडे सरकला. पुढे २००१ मध्ये भारतीय बँक महासंघाने, म्हणजे बँकांच्या आयबीए या संघटनेने, आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली, आणि शेतीवर किंवा लहानशा पगारावर चालणाऱ्या घरातील मुलांनाही बँकेच्या दारात उभे राहता येऊ लागले. आज सरकारी बँका देत असलेली बहुतेक शैक्षणिक कर्जे याच योजनेच्या, तिच्यात वेळोवेळी झालेल्या सुधारणांसह, चौकटीत बसतात. योजनेने संधी दिली, तशी थकबाकीही वाढली: जून २०२२ अखेर सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जांपैकी जवळपास आठ टक्के रक्कम बुडीत गटात मोडत होती. नंतरच्या काळात हे प्रमाण उतरले असले तरी ज्या घरातील कर्ज थकते त्या घराला टक्केवारीच्या उताराचा काहीच उपयोग नसतो.

थकबाकीची बीजे पहिला हप्ता चुकण्याच्या कितीतरी आधी पेरली जातात, म्हणून व्याजाचा हिशेब थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेच्या भाषेत याला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता थांबलेला असतो, व्याज मात्र थांबलेले नसते. या काळात सरळव्याज चढत राहते, आणि परतफेड सुरू होण्याच्या दिवशी ते सर्व मुद्दलात मिळवून त्या एकूण रकमेवर मासिक हप्ता बांधला जातो. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पाच लाख रुपयांचे कर्ज दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस चढलेले व्याज १ लाख ७५ हजार रुपये होते आणि फेडायची रक्कम पाच लाख न राहता पावणेसात लाख होते. हे कर्ज दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे ८,९२० रुपयांचा पडतो, पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले तर सुमारे ७,२५० रुपयांचा. मात्र पंधरा वर्षांचा पर्याय घेणारा कर्जदार एकूण सुमारे दोन लाख पस्तीस हजार रुपये जास्त भरतो. पहिल्या नोकरीत ज्याला महिना वीस हजार मिळतात, ज्याला पुण्यात वा मुंबईत खोलीचे भाडे द्यायचे आहे आणि घरीही काही पाठवायचे आहे, त्याच्यासाठी साडेआठ-नऊ हजारांचा हप्ता आणि सव्वासात हजारांचा हप्ता यांतील अंतर हे खाते चालू राहणे आणि थकणे यांतील अंतर ठरू शकते. म्हणून मुदत लांब घ्यावी आणि उत्पन्न वाढल्यावर जास्तीची रक्कम भरून ती लवकर संपवावी, हा मार्ग बहुसंख्य नवख्या कर्जदारांसाठी अधिक सुरक्षित आहे. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक कर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही, ही बाब या निर्णयाला बळ देते.

याच उदाहरणात पहिल्या वर्षी उचललेल्या सव्वा लाखाचे महिन्याचे व्याज १,०४२ रुपये होते. ज्या कुटुंबाला शिक्षण चालू असतानाच एवढी रक्कम भरता येते, त्याने ती भरावी, कारण त्यामुळे मुद्दल फुगत नाही आणि अनेक बँका अशा कर्जदाराला व्याजदरात एक टक्क्याची सवलतही देतात. ज्यांना ते शक्य नाही आणि ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. तिच्यात देशातील पात्र संस्थांमधील तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मोरॅटोरियमच्या काळातील व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने निवडक दर्जेदार संस्थांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळासाठी तीन टक्के व्याज सवलत देऊ केली आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे, जिच्यात देशातील शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंतचे आणि परदेशातील शिक्षणासाठी वीस लाखांपर्यंतचे कर्ज धरले जाते. या अनुदानांचा लाभ आपोआप पदरात पडत नाही. सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत पोचला पाहिजे आणि बँकेने मागणी वर पाठवली पाहिजे. यांपैकी एक कडी निसटली की पालक समजतात व्याज सरकार भरत आहे आणि खात्यावर मात्र ते चढत राहते. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर, वैद्यकीय कारणाचा अपवाद वगळता, केंद्राचे अनुदानही थांबते, आणि पदवी हाती नसलेला विद्यार्थी सर्वाधिक व्याजाचा धनी होतो. वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा काढून अनुदान जमा झाले की नाही हे पाहणे, हा थकबाकी टाळण्याचा कदाचित सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता थकबाकीच्या यंत्रणेकडे वळता येईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हप्ता ठरलेल्या तारखेला जमा झाला नाही की खाते त्याच दिवसापासून थकीत मानले जाते आणि 'विशेष उल्लेख खाते' या वर्गात जाते: तीस दिवसांपर्यंत पहिली पायरी, साठ दिवसांपर्यंत दुसरी, नव्वद दिवसांपर्यंत तिसरी. नव्वद दिवस उलटूनही थकबाकी राहिली तर ते अनुत्पादक कर्ज ठरते, ज्याला बोलीभाषेत 'खाते एनपीए झाले' असे म्हणतात. ही नव्वद दिवसांची रेषा केवळ बँकेच्या हिशेबवहीतील नसून कर्जदाराच्या दृष्टीने दोन वेगळ्या प्रदेशांची सीमा आहे. तिच्या अलीकडे बँकेच्या शाखाधिकाऱ्याला खाते वाचवण्यात स्वतःचाही लाभ असतो, कारण बुडीत कर्जासाठी बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. पलीकडे गेल्यावर खाते वसुली विभागाकडे सरकते, बोलणाऱ्या व्यक्ती बदलतात आणि भाषाही बदलते. शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित ठरवायचे असेल तर मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरलेली असली पाहिजे. फक्त थकलेले व्याज किंवा एखाद-दुसरा हप्ता भरून ते नियमित होत नाही. वरील उदाहरणात पंधरा वर्षांच्या मुदतीच्या हप्त्याने तीन महिन्यांची थकबाकी बावीस हजारांच्या आत असते, ती उसनवारीने का होईना पण उभी करता येते. वर्षभराने तीच सत्त्याऐंशी हजारांवर जाते, आणि तेव्हा सात हजारांचा चालू हप्ता भरू शकणारा नोकरदार तरुणसुद्धा नियमित वर्गात परतू शकत नाही.

या काळात बहुसंख्य कर्जदार काय करतात, तर गप्प राहतात. नोकरी लागली नाही याची लाज, घरच्यांना कळू नये ही धडपड आणि बँकेला विचारले तर उलट तगादा वाढेल ही भीती, या तिन्हींमुळे फोन उचलला जात नाही. गावातून शहरात आल्यावर मोबाइल क्रमांक व पत्ता बदललेला असतो आणि बँकेची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहतात. पालक हे या कर्जात सहकर्जदार असतात, म्हणजे कर्ज त्यांच्याही नावावर असते, आणि जामीनदार घेतलेला असल्यास १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे मुलाच्या मौनाचा परिणाम वडिलांच्या वा मामाच्या पतनोंदीवरही होतो. ही नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत, त्यांपैकी सिबिलचे नाव सर्वांच्या तोंडी असल्याने लोक 'सिबिल खराब झाले' असे म्हणतात. तीनशे ते नऊशे या मापातील हा पतगुणांक घसरला की पुढे घरासाठी वा धंद्यासाठी कर्ज मागताना त्या घरातील दोन पिढ्यांना एकाच वेळी अडचण येते.

मौन तोडून लेखी अर्ज करणाऱ्यासाठी योजनेत काय आहे, हे नीट सांगण्यासारखे आहे. २०१५ मध्ये सुधारलेल्या आदर्श योजनेत परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत ठेवण्याची तरतूद आहे; अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या हाताबाहेरील कारणाने लांबला तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेरोजगारीचा किंवा अत्यल्प उत्पन्नाचा काळ विचारात घेऊन कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा हप्त्यांना विराम देण्याची मुभा बँकांना आहे. सुरुवातीला लहान आणि उत्पन्नासोबत वाढत जाणारा, म्हणजे पायरीपायरीने चढणारा हप्ताही बांधून मिळू शकतो. ही आदर्श योजना असल्याने प्रत्येक बँक तिच्यातील सवलती आपल्या धोरणानुसार देते, आणि बँकेतर वित्तीय कंपन्यांकडून घेतलेल्या कर्जाला तर ती जशीच्या तशी लागू नसते. तरीही सरकारी बँकेच्या शाखेत जाऊन 'हप्ता भरता येत नाही' एवढेच सांगणारा कर्जदार आणि 'बेरोजगारीच्या कारणासाठी असलेला हप्तेविराम मिळावा' असा अर्ज पोच घेऊन देणारा कर्जदार यांना मिळणारे उत्तर एकसारखे नसते. अर्जासोबत नोकरी गेल्याचे पत्र, पगारपत्रक किंवा आजाराची कागदपत्रे जोडावीत, जेवढा हप्ता झेपतो तो आकडा स्वतःहून लिहावा, आणि ही सवलत पतनोंदीत कर्जाची 'पुनर्रचना' म्हणून नोंदवली जाणार आहे का, हेही लेखी विचारावे, कारण तशी नोंद पुढील कर्जाच्या वेळी पाहिली जाते. मोठ्या प्रमाणावर असा दिलासा याआधी दिला गेला आहे: मार्च २०२० मध्ये महामारीमुळे हप्ते पुढे ढकलण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने दिली आणि ऑगस्टमध्ये वैयक्तिक कर्जांची, ज्यांत शैक्षणिक कर्जेही धरली जातात, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवण्याची चौकट आखली.

खाते एनपीए झालेच असेल तर मार्ग उरत नाहीत असे नाही, परंतु प्रत्येक मार्गाची किंमत समजून घ्यावी लागते. संपूर्ण थकबाकी भरून खाते नियमित करणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. ते अशक्य असेल तर एकरकमी तडजोड, म्हणजे बँकेच्या भाषेत ओटीएस, करता येते: बँक व्याजाचा आणि क्वचित मुद्दलाचा काही भाग सोडते आणि ठरलेल्या मुदतीत उरलेली रक्कम घेऊन खाते बंद करते. यात पतनोंदीवर 'पूर्ण फेडले' ऐवजी 'तडजोडीने मिटवले' अशी नोंद राहते, जी नव्या सावकाराला सावध करते. ज्याला पुढील काही वर्षांत घरकर्ज हवे आहे त्याने हा विचार आधी करावा, ज्याच्या घरात आजारपण वा मृत्यू घडला आहे त्याला मात्र तडजोड हाच श्वास घेण्याचा अवकाश ठरू शकतो. तडजोडीचे पत्र हाती आल्याशिवाय रक्कम भरू नये आणि भरल्यावर 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घेतल्याशिवाय शाखा सोडू नये. वीस लाखांपर्यंतची प्रकरणे दाव्यापूर्वीच लोकअदालतीत ठेवता येतात. तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अंतिम असल्याने त्याविरुद्ध अपील होत नाही, हे सही करण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

दोन गैरसमज इथेच दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे अनेकांनी हप्ते भरणे थांबवले आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण आहे आणि बुडालेल्या रकमेचा ७५ टक्के भाग बँकेला त्यातून मिळू शकतो. परंतु ही हमी बँकेसाठी आहे, कर्जदाराचे देणे तिच्यामुळे संपत नाही. त्याचप्रमाणे बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे ते माफ झाले असे नव्हे. ते ताळेबंदातून काढून वेगळ्या वहीत ठेवलेले असते आणि वसुली चालूच राहते. खऱ्या अर्थाने सरकारने भार उचलल्याचे उदाहरण केरळचे आहे, जिथे २०१७ मध्ये राज्य सरकारने बुडीत ठरलेल्या चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांसाठी, कर्जदाराने ४० टक्के भरल्यास उरलेले ६० टक्के सरकार भरेल, अशी साहाय्य योजना आणली. महाराष्ट्रात फीपरतफेडीवर आणि २०२४ पासून मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीवर भर दिला गेला, जो कर्जाची गरजच कमी करणारा आणि म्हणून स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांनी आधीच कर्ज काढले आणि जे आज थकले आहेत, त्यांना त्यातून काही मिळत नाही.

वसुलीच्या काळात कर्जदाराला हक्क असतात, हे विसरले जाते. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही, ती दिवाणी स्वरूपाची बाब आहे. परंतु शिल्लक नसताना दिलेला धनादेश न वटणे किंवा खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याचा आदेश परत जाणे यांवर फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून पैसे नसतील तर भविष्यातील तारखेचे धनादेश देऊ नयेत. वसुली प्रतिनिधीला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाईक व मित्रांपुढे अपमान करता येत नाही. एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवण्याची पद्धतही बंद झाली आहे. दंड आकारायचा तर तो वेगळा आणि वाजवी शुल्क म्हणूनच आकारावा लागतो. घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय बँकेला ताबा घेता येत नाही, आणि शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तिच्यासाठी बँकेला न्यायालयाचाच रस्ता धरावा लागतो. बँकेने तक्रारीचे तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १४४४८ आहे. पतनोंदीतील चूक कळवल्यावर ती तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे, आणि पतनोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

अमेरिकेशी एक तुलना उद्बोधक ठरते. तिथल्या केंद्र सरकारच्या विद्यार्थी कर्जात हप्ता २७० दिवस थकल्यानंतर कर्ज बुडीत समजले जाते. त्यानंतरही दहा महिन्यांत ठरलेले नऊ हप्ते वेळेवर भरले की कर्ज पूर्ववत होते आणि बुडीतपणाची नोंद पुसली जाते. उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवण्याचे मार्गही तिथे कायद्याने आहेत. त्या देशाची शिक्षणकर्ज व्यवस्था अनुकरणीय मुळीच नाही, तिच्या ओझ्याखाली तिथल्या पिढ्या दबल्या आहेत. परंतु घसरलेल्याला नियमित हप्ते भरून परत वर येता यावे, ही त्यामागची कल्पना न्याय्य आहे. भारतातील नियम नव्वद दिवसांनी दार बंद करतो आणि सर्व थकबाकी एकदम आणून दिल्यावरच ते उघडतो. उद्योगाच्या कर्जाला ही शिस्त शोभते. बावीस-तेवीस वर्षांच्या, पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणाला ती लावणे अन्यायाचे आहे, आणि शैक्षणिक कर्जासाठी वेगळी, हप्त्याहप्त्याने परतण्याची वाट रिझर्व्ह बँकेने आखली पाहिजे.

तोवर उपलब्ध साधने तरी हाती असावीत. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे बँकांना बंधनकारक आहे, ज्यात सर्व खर्चांसह वार्षिक व्याजदर, सर्व शुल्के, हप्त्यांचे वेळापत्रक आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती असते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्ज घेणाऱ्या प्रत्येक मराठी पालकाने सही करण्यापूर्वी हे विवरण मराठीत मागावे, बेरोजगारीतील हप्तेविरामाची तरतूद आपल्या मंजुरीपत्रात आहे का ते त्याच बैठकीत विचारावे, आणि मुलाची शेवटची परीक्षा संपली की पत्ता, फोन व नोकरीची स्थिती लेखी कळवण्यासाठी त्याला सोबत घेऊन शाखेत जावे.